वारणेच्या खोऱ्यातील सेवासंयोग

शेतकऱ्याची गरज एक असते. ती भागविणारी खाती मात्र अनेक असतात. लागणीची नोंद एकीकडे, तोडीची पाळी दुसरीकडे, वजन काट्यावर आणि बिल हिशेबखात्यात. अशा विखुरलेल्या सेवा यंत्राने आपोआप जुळवून गरज एकाच दारी भागवावी, हा विचार संगणकशास्त्रात २००० नंतर बळावला. २००२ मध्ये आय.बी.एम., मायक्रोसॉफ्ट व बी.ई.ए. यांनी आंतरजालावरील सेवांची जुळणी मांडण्यासाठी एक भाषा सिद्ध केली. परंतु तीतही सेवांचा क्रम माणसालाच लावून द्यावा लागे. याच प्रश्नाचे एक पूर्वरूप वारणेकाठी आढळते.

सह्याद्रीत उगम पावून हरिपूरजवळ कृष्णेस मिळणारी वारणा ही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा होय. या दोन जिल्ह्यांतील ७० गावांसाठी १९९८ मध्ये वारणानगर येथे ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आरंभिली गेली. तिच्या खर्चाचा भार केंद्र शासनाने ५०, राज्य शासनाने ४० व वारणेच्या संस्थेने १० टक्के असा उचलावयाचा होता. ऊसव्यवहार, बाजारभाव, शेतीविषयक सल्ला व शासकीय माहिती या सर्वांची सोय गावच्या केंद्रातच व्हावी, असा तिचा हेतू होता.

प्रत्यक्षात रुजला तो मुख्यतः ऊसव्यवहार. याचे कारण शोधू गेल्यास दृष्टी यंत्राकडून दप्तराकडे वळते. लागण, तोड, वजन व बिल हे चारही टप्पे एकाच सहकारी कारखान्याचे. सभासदाची ओळख आणि शब्दांचा अर्थ सर्वत्र तोच. बाजार व शासन यांची दप्तरे मात्र निराळ्या हाती होती.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार संगणकाची सर्व कामे त्यातून पार पडली. ही पद्धती स्वस्त, सोयीची व शेतकऱ्यांस अधिक पसंत ठरली.

यंत्र बदलले, तरी जुळणी टिकली. यावरून सेवासंयोगाचे मूळ यंत्राच्या सामर्थ्यात नसून दप्तरांच्या एकवाक्यतेत आहे, असा निष्कर्ष निघतो. तथापि त्याची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. ज्या एका दप्तरामुळे शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो, त्याच दप्तरातील वजनावर त्याला विसंबावे लागते. म्हणून सेवा जुळविताना ती नोंद पडताळून पाहण्याचे साधनही त्याच्या हाती असणे अगत्याचे ठरते.