आठवण शाबूत, माणूस बदललेला

स्मृतिभ्रंश म्हटलं की नावं विसरणारा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. आजच्या आजारात, निदान सुरुवातीला, नाव-गाव, देणं-घेणं, साकोलीची बस किती वाजता, सगळं लक्षात असतं. बदलतो तो स्वभाव, नाहीतर भाषा जाते.

१८९२ साली प्राग इथल्या आर्नोल्ड पिक यांनी एका ७१ वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापली. त्याची भाषा हळूहळू गेली होती. मृत्यूनंतर पाहिलं, तर मेंदूचा डाव्या कानशिलाकडचा भाग आक्रसलेला. म्हणजे झीज एकाच जागी होऊ शकते, आणि त्या जागेचं काम जातं. १९११ मध्ये अल्झायमर यांनी (हो, तेच) अशा मेंदूच्या पेशींत गोल गाठी पाहिल्या. निदानाचे निकष मात्र लुंड आणि मँचेस्टरच्या गटांनी थेट १९९४ मध्ये मांडले. आज आपण याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. लाज, दया, संयम संस्कारांनी येतात असं वर्गात सांगत आलो. ते टिकवायला कपाळामागचा मेंदूही धड लागतो, हे काही आम्ही सांगितलं नाही. पंचावन्नचा शहाणासुरता माणूस चारचौघांत नको ते बोलतो, दुकानातून वस्तू तशीच उचलतो, बायको रडली तरी ढिम्म, गोड मिळेल तेवढं खातो. घरचे म्हणतात माजला, गाव म्हणतं बाहेरचं काही लागलं. त्याला स्वतःला तर काही बिघडलंय असं वाटतच नाही. दोष कुणाचा मानायचा? आजार ओळखला जाईपर्यंत घर मोडलेलं असतं.

आता भाषेचं. १९५६ पर्यंत आपला भंडारा मध्य प्रदेशात होता. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, हे इथं नवल नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण अभ्यासले. २०१३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतसुद्धा. आजार टळतो असं नव्हे. आणि तो थांबवणारं औषध अजून नाही.

पण तपासणीत एक खोच आहे. या आजारात माणूस 'कात्री म्हणजे काय?' असं विचारू लागतो. झाडीबोलीत वाढलेल्या आजीला पुस्तकी मराठी शब्द नाही आला, तर तो आजार नव्हे. तेव्हा नागपूरला दाखवायला नेताना घरची बोली जाणणारं माणूस सोबत न्या, आणि वागणं केव्हापासून बदललं ते लिहून न्या.