ढाबळ झाडणारीची धाप

१९६० साली फ्रान्समध्ये पिसं निवडणाऱ्या कामगारांच्या ताप-खोकल्याची नोंद झाली. त्याला म्हणत ‘बदकताप’. १९६५ साली अमेरिकी डॉक्टरांनी तसाच आजार कबुतरं पाळणाऱ्यांत पाहिला आणि नाव दिलं ‘कबुतर पाळणाऱ्यांचं फुफ्फुस’. हा संसर्ग नव्हे. विष्ठेची, पिसांची बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि काहींचं शरीर तिच्याशीच भांडत बसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की फुफ्फुस जून दोडक्यासारखं कडक, जाळीदार होतं. एकाच घरात चौघं ठणठणीत, पाचवीला मात्र धाप.

ते नाव आम्हाला खटकतं. मेक्सिको शहरातल्या श्वसनरोग संस्थेत मोइसेस सेल्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्याकडच्या रुग्णांत बहुतेक बायकाच होत्या. शर्यतीची कबुतरं उडवणाऱ्या नव्हेत. घरी थोडीशी पाखरं असलेल्या. आता ढाबळ झाडतं कोण, हे काय तुम्हाला सांगायला हवं? धूळ रोज थोडी थोडी जाते, दुखणं हळूहळू चढतं, आणि वाटतं, कामाचाच शीण असेल.

भारतातल्या फुफ्फुसरुग्णांची एक मोठी नोंद २०१७ साली छापून आली. तीत १,०८४ पैकी जवळजवळ निम्म्यांना याच जातीचा आजार निघाला. कूलरची बुरशी हे एक कारण, पक्षी हे दुसरं.

टीबी नाही असं तपासणीत निघालं, तरी खोकला आणि धाप हटत नसेल, तर घरातली कबुतरं, कोंबड्या, पिसांची उशी यांबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.