तांबड्या कोंबडीची कुळकथा

मंडळी, कुणाच्या परसात तांबडी कोंबडी दिसली, की आपल्याकडे तिच्यासाठी दोनच नावे निघतात. एक तर "गावरान", नाहीतर "ऱ्होड आयलंड". रंग पाहायचा आणि नाव ठेवून मोकळे व्हायचे! पण या एका रंगाखाली निरनिराळी कुळे लपलेली आहेत. ती वेगळी कशी झाली हा इतिहास मनोरंजक तर आहेच, शिवाय पिले विकत घेणाऱ्या घराचा नफा-तोटाही त्यात आहे.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य. तिथल्या समुद्रकाठच्या लिटल कॉम्प्टन गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कोंबडी घडू लागली. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांवर मलाया आणि चीनकडची कोंबडी असत. विल्यम ट्रिप नावाच्या शेतकऱ्याने १८५४ साली एका खलाशाकडून मलाया जातीचा तांबडा कोंबडा विकत घेतला, अशी तिथली कथा आहे. त्याला आणि शेजाऱ्यांना रूपाशी देणेघेणे नव्हते. कडक हिवाळ्यातही अंडी द्यावीत आणि ताटातही पुरेसे मांस पडावे, एवढीच अपेक्षा. पुढे आयझॅक विल्बर या मोठ्या कुक्कुटपालकाने तिला आजचे नाव दिले असे मानतात. १९०४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला अधिकृत जात म्हणून मान्यता दिली.

मान्यता मिळाली आणि भांडण सुरू झाले. प्रदर्शनवाल्यांना हवा होता गडद, जवळजवळ काळपट झाक मारणारा तांबडा रंग. शेतकऱ्याला हवी होती अंडी. याची साक्ष म्हणजे त्या भागात या कोंबडीची एक नव्हे, दोन स्मारके आहेत! १९२५ साली अ‍ॅडम्सव्हिल येथे जातीच्या शौकिनांच्या क्लबने एक उभारले. लगेच १९२६ मध्ये राज्याने थोड्या अंतरावर दुसरे उभारले, ते धंद्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या सन्मानार्थ. १९५४ मध्ये तर ती राज्यपक्षीच झाली.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लोकांनी हीच कोंबडी नेली आणि बाहेरचे रक्त न मिसळता पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. निकष वेगळे: पिलू लवकर वाढले पाहिजे, पिसे लवकर फुटली पाहिजेत. १९३५ मध्ये "न्यू हॅम्पशायर" ही स्वतंत्र जात ठरली. दोघी जणू सख्ख्या बहिणी. ओळखायचे कसे? थोरली गडद, अंगाने लांबट, विटेसारखी चौकोनी. धाकटी फिकट, विटकरी तांबडी, शरीराने अधिक भरीव. न्यू हॅम्पशायरचा तुरा नेहमी उभा, एकेरी. ऱ्होड आयलंडमध्ये मात्र चपटा, दाणेदार तुराही चालतो. उबवणी केंद्रांनी पुढे या दोघींच्या रक्तातून अंड्यांसाठी जे वाण काढले, त्यांना तिकडे "प्रॉडक्शन रेड" म्हणतात. ही मान्यताप्राप्त जात नव्हे, तो व्यापारी शिक्का आहे.

आता संकर. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई होती. नर पिलांना महिनोन्‌महिने खाऊ घालणे परवडत नव्हते, आणि नर-मादी लहानपणी ओळखता येईना. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी रंगावरून ओळखण्याचा उपाय सुचवला. युक्ती साधी आहे. सोनेरी-तांबड्या आणि रुपेरी-पांढऱ्या रंगांचा हा गुण कोंबडीत मुलीला फक्त बापाकडून मिळतो, मुलाला दोघांकडून. म्हणून तांबडा कोंबडा आणि रुपेरी गुणाची पांढरी कोंबडी यांचा संकर केला, की माद्या तांबूस निपजतात आणि नर पिवळट-पांढरे. पहिल्याच दिवशी निवाडा! अंड्यांच्या धंद्यात नर पिलाला किंमत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते त्याच दिवशी मारले जाते. (जर्मनीने २०२२ पासून ही प्रथा बंद केली.)

फ्रान्समध्ये १९७८ च्या सुमारास आलेली "आयसा ब्राऊन" ही अशाच संकराची. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी! तिची पिसे जरा फुंकर मारून उलटी करून पाहा. खाली पांढुरकी लव दिसते, शेपटीतही पांढरे पीस डोकावते. अस्सल ऱ्होड आयलंडची पिसे मुळापर्यंत तांबडी असतात, शेपूट काळी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, अंडे मिळाल्याशी कारण, कूळ कशाला विचारायचे? विचारायचे ते पुढच्या पिढीसाठी. अस्सल जातीची अंडी उबवली तर पिले आईबापांसारखीच निघतात. संकराची उबवली तर रंग फाटतो, अंड्यांची संख्या घसरते. शिवाय अशी कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणजे दर खेपेला नव्या पिलांसाठी कंपनीच्या दारात उभे राहणे आले. आपल्याकडे सरकारी उबवणी केंद्रांतून ऱ्होड आयलंडची पिले वाटली गेली, पुढे हैदराबादची वनराजा आणि बंगळुरूची गिरिराजा हे संकर आले. दोन्ही उपयुक्त, पण पाळणाऱ्या बाईला फरक सांगायलाच हवा. तिला दरवर्षी पिले घ्यायची आहेत की घरचीच वाढवायची आहेत, हे तिने आधी ठरवावे आणि मग कोंबडी निवडावी.

मला गंमत वाटते ती वेगळीच. पूर्वेचा कोंबडा खलाशाच्या पिंजऱ्यातून अमेरिकेला गेला आणि त्याचे वंशज "सुधारित जात" म्हणून पूर्वेलाच परत आले. जात म्हणजे काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. माणसांनी काय हवे ते ठरवले, नोंदी ठेवल्या, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, म्हणून ती टिकली. निवड थांबली की नाव राहते आणि कोंबडी बदलते.

असो. पुढच्या वेळी कुणी "अस्सल गावरान" म्हणून तांबडी कोंबडी दाखवली, तर किंमत विचारण्याआधी तिचे आईबाप विचारा!