सांधणाऱ्या द्रव्यांची कुळकथा

आमच्या घरात एक विळा आहे. त्याचे पाते कोणत्या लोहाराने घडविले हे आज कोणालाच सांगता येत नाही. परंतु त्याची बाभळीची मूठ माझ्या आजोबांनी बसविली, आणि ती कशी बसविली हे मी लहानपणी अंगणात त्यांच्याशेजारी उकिडवा बसून पाहिले आहे. मुठीच्या भोकात त्यांनी लाखेची भुकटी ठासून भरली, पात्याचे निमुळते टोक चुलीतल्या निखाऱ्यांत लाल होईतो धरले आणि एकदम त्या भोकात रोवले. तेव्हा चर्र असा आवाज होऊन गोडसर व किंचित करपट वासाचा जो धूर वर आला, तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. त्यानंतर पाते आणि मूठ एका रेषेत धरून, लाख थिजेपर्यंत, आजोबा एक शब्दही न बोलता बसून राहिले. तिरके बसले तर पुन्हा तापवायचे आणि पुन्हा रोवायचे, एवढाच त्या कामाचा कायदा होता.

मोडलेले सांधण्याची विद्या मनुष्याला कुंभाराच्या चाकाइतकी, किंबहुना त्याहूनही जुनी आहे. परंतु तिच्या साऱ्या साधनांकडे एकत्र पाहू लागलो की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, तो असा की, द्रवाने घन कधी व्हावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. लाखेच्या बाबतीत तो उष्णतेच्या हाती होता. निखारा विझू लागला की कारागिराची मुदत संपली. आज बाजारात नखाएवढ्या जांभळ्या दिव्यासह जी पातळ राळ मिळते, जी अंधारात महिनोन्‌महिने पातळच राहते आणि त्या दिव्याचा किरण पडताच काही सेकंदांत दगडासारखी होते, तिच्यात हा अधिकार प्रथमच पूर्णपणे दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटापाशी आला, आणि म्हणूनच तिची कुळकथा लिहावी असे मला वाटले.

लाख ही झाडाची राळ अशी समजूत असली तरी ती झाडाची नव्हे. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर दाटीने वस्ती करणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाच्या अंगातून ती पाझरते, आणि त्या अगणित संख्येवरूनच तिच्या नावाचा लक्ष या शब्दाशी संबंध जोडला जातो. सोनार पोकळ दागिन्यांत ती भरीत, लखारी तिच्या बांगड्या करीत, सुतार लाकडातली भोके तिने बुजवीत. दप्तरशाहीने तर तिला राजमान्यता दिली. लखोटा हा आपला नित्याचा शब्द या लाखेपासूनच आला आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून आमचा वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आरंभी त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळ कवठा येथे होते, आणि १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नव्या शहराची आखणी होऊन सारे दप्तर तेथे हलले. अशा नव्या कचेरीत खजिन्याच्या थैल्या असोत, फौजदारीतील मुद्देमालाची गाठोडी असोत की टपालातील विम्याची पुडकी असोत, लाखेच्या मोहोरेवाचून कशालाही विश्वास लाभत नसे. कारण ती मोहोर एकदा फुटली की, चुकवेगिरी करणाऱ्याने कितीही खटपट केली तरी, तशीच्या तशी जुळत नसे. लवकर थिजण्याचा आणि सहज तडकण्याचा जो अवगुण कारागिराला छळी, तोच सरकारच्या उपयोगी पडला.

लाखेहून व्यापक असा विचारही आपल्याकडे झालेला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड ही एक द्रोण पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेतो आटवावीत, आणि त्या काढ्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी द्रव्यांचा कल्क मिसळावा, असे तो सांगतो. दुसऱ्या एका पाठात लाखेबरोबर घरातले धुरसही आहे. हा लेप तापवून देवळे, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी यांना द्यावा म्हणजे तो कोटी वर्षे टिकतो, असे त्याचे आश्वासन आहे. कोटीचा आकडा बाजूस ठेवू. मला विस्मय वाटतो तो या यादीतील आप्तपणाचा. टेंभुर्णी, सालई, बिब्बा, कवठ, बेल ही आमच्या सेलू-आर्वीकडच्या रानांतली झाडे, आणि जवस तर आपल्या काळ्या जमिनीतले रब्बीचे पीक. धाम नदीच्या काठी पवनार येथे, म्हणजे वासुदेव विष्णु मिराशींनी जे वाकाटकांचे प्रवरपूर म्हणून ओळखले त्या गावी, रामायणातील प्रसंगांची शिल्पे घडली त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर हा ग्रंथ सिद्ध झाला आहे. वज्रलेप हा शब्दही अजून जिवंत आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी जो आधुनिक लेप वेळोवेळी दिला, त्यालाही लोक वज्रलेपच म्हणतात.

घरगुती पातळीवर मात्र एवढा खटाटोप कोण करणार? तेथे गव्हाच्या पिठाची खळ होती, बाभळीचा डिंक होता, आणि सुताराच्या डबीत जनावरांच्या कातड्याचे तुकडे व हाडे शिजवून केलेला सरस होता. ही तिन्ही पाण्याच्या वाळण्यावर अवलंबून. श्रावणात चिकटविलेली वस्तू भाद्रपदात हातात येई, हा सर्वांचा अनुभव. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हईवाला डाग देई, जर्मनच्या गंजाला भोक पडले तर रिव्हेट ठोकी. जवसाचे तेल या सर्वांहून निराळे होते. ते वाळते असे आपण म्हणतो खरे, पण त्यातून पाणी उडून जात नाही. उलट हवेतील प्राणवायू ते आत घेते, त्याचे कण एकमेकांना गुंफतात आणि कातडीसारखा पापुद्रा धरतो, आणि हे काम उजेडात अधिक वेगाने होते. जवसाचे तेल लावलेले दार उन्हात ठेवण्याची रंगाऱ्यांची रीत या निरीक्षणातूनच आली. प्रकाश हाही कारागीर होऊ शकतो, हे त्या दाराने फार पूर्वीच सांगितले होते.

ती गोष्ट जाणीवपूर्वक कामाला लावली ती फ्रान्समधल्या जोसेफ निसेफोर नीप्स याने. १८२६-२७ च्या सुमारास त्याने ज्यूडियाचे डांबर लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवून कथिलाच्या पत्र्यावर त्याचा पातळ हात दिला आणि तो पत्रा पेटीत घालून खिडकीशी ठेवला. जेथे उजेड पडला तेथे डांबर घट्ट झाले, जेथे पडला नाही तेथे ते तेलाने धुऊन गेले, आणि उरलेल्या आकृतीत समोरची छपरे उमटली. जगाने त्या पत्र्यात छायाचित्रकलेचा जन्म पाहिला. सांधणाऱ्या द्रव्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र त्याच पत्र्यावर किरणाने थिजलेली पहिली राळ दिसते. त्या वेळी किमान आठ तास ऊन लागले असावे असे मानतात.

नीप्सची ही राळ आपल्या अंगणात पोहोचेपर्यंत दीड शतकाहून अधिक काळ गेला, आणि त्या अवधीत वर्ध्याने दुरुस्तीविषयी स्वतःचा एक विचार जगापुढे ठेवला. १४ डिसेंबर १९३४ रोजी येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिले, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडले, आणि जे. सी. कुमारप्पा संघाचे मंत्री झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. घाणी, हातकागद, मधमाश्या, रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा मगनदीप यांवर तेथे काम झाले. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी केवळ मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालविले. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिणाऱ्या त्या माणसांना फुटके फेकून देणे ही गोष्ट हिशेबाइतकीच नीतीचीही वाटे. कुमारप्पांनी सृष्टीतील साधनांचे, जी वापरून संपतात आणि जी पुन्हा पुन्हा निपजतात, असे दोन वर्ग केले आणि माणसाने आपला संसार दुसऱ्या वर्गावर उभारावा असे सांगितले. लाख दुसऱ्या वर्गातली. १९०७ साली लाखेला पर्याय शोधता शोधता बेकलंडने बेकेलाइट शोधून काढले, तेव्हापासून कृत्रिम राळांची जी रांग लागली ती जवळजवळ सगळी पहिल्या वर्गातली.

त्या रांगेतली बहुतेक द्रव्ये आपण वापरतो. दोन नळ्यांतले ऐवज एकत्र कालवून लावायचे ते अॅरल्डाइट, पांढरा फेव्हिकॉल, आणि हवेतल्या ओलाव्याने क्षणात धरणारे, बोटे एकमेकांना चिकटविणारे थेंब. प्रत्येकाचा घट्ट होण्याचा मालक निराळा. एकाचा मिश्रणाचा क्षण, दुसऱ्याचा पाण्याचे उडून जाणे, तिसऱ्याचा ओलावा. कालवले की मुदत सुरू, आणि ती मुदत कारागिराच्या मर्जीने थांबत नाही.

प्रकाश हा मालक घरात आला तो दंतवैद्याच्या मार्गाने. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील राफेल बोवेन यांनी दातासाठी तयार केलेल्या राळेचे पेटंट १९६२ सालचे. पुढे १९७० च्या दशकात ती आधी अतिनील आणि मग दृश्य निळ्या प्रकाशाने थिजविण्याची युक्ती निघाली. निळा किरण झेलून राळेला जागे करणारे द्रव्य कापरापासून केलेले आहे, पिवळसर आहे, आणि देव्हाऱ्यातला कापूर दाताच्या फटीत येऊन हे काम करतो ही मला आजही मोठी सुंदर गोष्ट वाटते. मी प्रथम तो निळा दिवा एका दंतवैद्याच्या हातात, माझ्याच तोंडाशी पाहिला. त्याने राळ एकदम न भरता सुमारे दोन मिलिमीटरचा एक थर दिला, वीस सेकंद दिवा धरला, मग दुसरा थर दिला. किरण याहून खोल पोहोचत नाही, हे त्याने सांगितले, आणि घरच्या दुरुस्तीचे अर्धे शास्त्र मला त्या खुर्चीतच कळले.

कारण घरात जी राळ मिळते तिचे नियम तेच. तिच्यातले बीजद्रव्य किरण लागताच फुटते, त्याचे अस्थिर तुकडे शेजारच्या रेणूंना धरतात, ते पुढच्यांना, आणि डोळ्यांदेखत साखळ्यांचे जाळे विणले जाते. परंतु जेथे किरण नाही तेथे काहीच नाही. दोन अपारदर्शक तुकडे एकावर एक दाबून मधली राळ घट्ट होईल अशी आशा धरणारा निराश होतो. काचेचा टवका, चष्म्याच्या दांडीची चीर, बरणीच्या झाकणाचा उडालेला कोपरा, वायरीचे उघडे पडलेले आवरण, अशा वरून दिसणाऱ्या जागी भर घालणे हे तिचे खरे क्षेत्र. भर झाल्यावर वरचा पापुद्रा किंचित चिकट राहतो, कारण हवेतला प्राणवायू त्या थराला साखळी पुरी करू देत नाही; म्हणजे जवसाच्या तेलाला जो मित्र, तोच हिला वैरी. तो थर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा, आणि कच्ची राळ कातडीला लागू देऊ नये. एकदा तिचे वावडे जडले की ते सुटत नाही. नळीचे टोपण वैशाखाच्या उन्हात उघडे ठेवू नये, हे वर्धेकरांना तर आवर्जून सांगितले पाहिजे. आमच्या उन्हाला दिव्याची गरज नाही.

कुमारप्पांनी या नळीला काय म्हटले असते याचा विचार मी अनेकदा करतो. खनिज तेलातून निपजलेले द्रव्य, दूरच्या कारखान्यातला दिवा, त्यातली बटणाएवढी बॅटरी, यांचा हिशेब त्यांनी कठोरपणे मांडला असता, आणि तो मांडलाच पाहिजे. पण माझ्या मते त्या हिशेबात दुसऱ्या बाजूला, एका थेंबामुळे जे सबंध चष्मे आणि बरण्या उकिरड्यावर गेल्या नाहीत, त्यांची नोंदही यावी. माझी खरी तक्रार निराळी आहे. लाख पुन्हा तापवली की पुन्हा पातळ होते. आजोबा तिरके बसलेले पाते उपसून सरळ करीत. किरणाने थिजलेली राळ पुन्हा वितळत नाही; चूक झाली तर ती कोरूनच काढावी लागते. घट्ट होण्याचा क्षण आपल्या हाती आला, पण चूक मागे घेण्याची सवलत त्या बदल्यात गेली.

गेल्या हिवाळ्यात त्या विळ्याच्या मुठीला पात्याजवळ बोटभर लांबीची उभी चीर पडली. आतली लाख अजून शाबूत होती आणि पाते हलत नव्हते. मी चीर दाभणाने स्वच्छ केली, पातळ राळ तिच्यात उतरू दिली, दिवा धरला, मोजून वीस सेकंद. मग दुसरा थर, पुन्हा वीस. मूठ हातात घेऊन मी सवयीने पाते आणि मूठ एका रेषेत धरून बसलो होतो, जणू अजून काही थिजायचे बाकी आहे. मूठ उजेडाकडे धरली तर चिरेत एक पारदर्शक रेघ दिसते, आणि तिच्या तळाशी साठ वर्षांपूर्वीच्या लाखेचा तांबूस ठिपका. तुरीच्या सोंगणीला तो विळा नेला होता.