सीताबर्डीचे अरब कुठे गेले?

आमच्या पवनीत एक निवृत्त हवालदार आहेत. सगळी गल्ली त्यांना हवालदार चाचा म्हणते. परवा चहाच्या टपरीवर त्यांनी मला मोबाईलवर एक बातमी दाखवली. हेक्टर बराहास हा मेक्सिकोत जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला माणूस. तिथल्या छत्रीधारी फौजेत त्याने नोकरी केली. पुढे गोळीबाराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, ती भोगून झाली आणि २००४ साली सरकारने त्याला मेक्सिकोला पाठवून दिलं. नागरिकत्वाचा कागद त्याने कधी काढलाच नव्हता. राज्यपालाने माफी दिली, तेव्हा कुठे २०१८ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला.

चाचा म्हणाले, "भरती करताना चालला, आणि नंतर परका? असं आपल्याकडे नाही होत."

मी म्हटलं, "चाचा, नागपूर इथून किती लांब आहे?"

आपला वैनगंगेचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांच्या फौजेत अरब होते, बहुतेक येमेनकडच्या हद्रमौतचे. त्यांना मराठी शिपायापेक्षा बराच जास्त पगार मिळे. अरब बाप आणि इथली आई अशा मुलांना मुवल्लद म्हणत. त्यांचा पगार या दोघांच्या मधला. म्हणजे माणूस किती परका, हे तेव्हाही मोजत होते, पण पगारपत्रकावर. बडोद्यात तर गायकवाडांच्या शब्दाला अरब जमादार जामीन राही. त्याला बहांदरी म्हणत. जो राजाचा जामीन, त्याला परका कोण म्हणणार? तरी १८०२ साली इंग्रजांनी बडोद्याचा कोट घेतला आणि थकलेला पगार चुकता करून याच अरबांना मुलूख सोडायला लावला.

नागपूरची पाळी १५ वर्षांनी आली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली. अरबांनी धाकटी टेकडी घेतली, आणि तिथली तोफ थोरल्या टेकडीवरच्या इंग्रजांवर फिरवली. तरी लढाई हातची गेली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांकडे गेले. फौजेने शस्त्रं ठेवावीत असं ठरलं होतं. अरबांनी ठेवली नाहीत. ते शहरात शिरून लढत राहिले. २४ डिसेंबरला जनरल डव्हटनने जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला आणि तो अरबांनी परतवला. (जुम्मा दरवाजा म्हणजे महालातला आजचा गांधी गेट. रोज हजारो लोक त्याखालून जातात.)

मला नवल याच्या पुढच्या दिवसाचं वाटतं. हल्ला परतवलेल्या माणसांनीच बोलणी सुरू केली. धनीच समोरच्या छावणीत, तर लढायचं कुणासाठी? त्यांनी मागितलं ते एवढंच: जीव, बायकामुलं, सामानसुमान आणि मलकापूरपर्यंत सुखरूप वाट. इंग्रजांची अट होती की असीरगडाकडे वळायचं नाही. ३० डिसेंबरला ते शहराबाहेर पडले.

बायकामुलं या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो. हद्रमौतहून बायका काही गलबतात बसून आल्या नव्हत्या. त्या इथल्याच असणार, आणि त्यांची मुलं घरी इथलीच बोली बोलत असणार. ती सगळी माणसं 'अरब' या एका शब्दाखाली वेशीबाहेर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मालेगाव. नारोशंकरांच्या किल्ल्यात तीनेकशे अरबांनी कर्नल मॅकडॉवेलला मे-जून १८१८ मध्ये जवळपास महिनाभर अडवून धरलं. इंग्रजांकडचे दोनशेवर मेले किंवा जखमी झाले. शरण येण्याआधी जमादार अब्दुल कादरने लेखी कौल मागितला. तो कागद मराठीत लिहिला गेला, आणि कर्नलच्या मनात होतं त्याहून जास्त देऊन बसला! एका मुनशीच्या मराठीने अरबांचं थोडं भलं केलं. पण राहायला मिळालं नाहीच. त्यांना सुरतेला नेऊन तिथून त्यांच्या मुलखाकडे पाठवण्यात आलं. त्यांच्यावर खटला वगैरे चालला नव्हता. बराहासला निदान कोर्ट तरी मिळालं.

तिसरी वेळ तर आपल्या आजोबांच्या हयातीतली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, मराठवाडा त्यातच होता. रझाकारांचे अत्याचार झाले होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण निजामाच्या चाकरीतले अरब आणि पठाण सरसकट धरले गेले, छावण्यांत ठेवले गेले, आणि यांना बाहेर धाडा अशी सरकारी खटपट सुरू झाली. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले. आणि गंमत अशी की भारतीय नागरिक कोण, हे सांगणारं राज्यघटनेचं कलम लागू झालं २६ नोव्हेंबर १९४९ ला. त्याआधी कायद्याच्या भाषेत नागरिक कोणीच नव्हतं. परके मात्र ठरवून झाले होते.

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते बाहेरून आलेले होते, बेटा. मी तर इथलाच."

मी आसामच्या मोहम्मद सनाउल्लाह यांचं नाव काढलं. ३० वर्षं भारतीय सैन्यात, आणि मे २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने परदेशी ठरवून गोलपाड्याच्या कोठडीत टाकलेले. हायकोर्टाने जामीन दिला तेव्हा बाहेर आले.

"माहीत आहे," चाचा म्हणाले. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि मला घरी नेलं. कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत त्यांचं डिस्चार्ज बुक होतं, अब्बांचा शाळेचा दाखला होता, आणि आजोबांच्या नावाचा सातबारा.

"२०१९ पासून एका जागी ठेवलंय," ते म्हणाले.