सुरतेतील मानवधर्मसभा आणि ख्रिस्ताचा अधिकार

सुरत हे नाव निघाले की मराठी मनापुढे शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या दोन स्वाऱ्या उभ्या राहतात. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी याच शहरात एका मराठी शिक्षकाने निराळीच मोहीम काढली. तिची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्या शिक्षकाचे नाव. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव होतो. त्यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मुंबईत जन्मलेले दादोबा पुढे सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या तडफदार गुजराती शिक्षकाशी पडली. दोघांनी समविचारी मित्रांना जमवून २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानातील धर्मसुधारणेच्या चळवळींत ही सभा अगदी आरंभीची मानली जाते. दादोबांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

सभेची तत्त्वे थोडी आणि स्वच्छ होती. ईश्वर एकच असून त्याचीच उपासना करावी. मनुष्यमात्राची जात एक मानावी. धर्माचे मूळ प्रेमात आणि सदाचरणात आहे. प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य असावे. आचार-विचार विवेकाला धरून असावेत. आणि ज्ञान सर्वांस मिळावे. हीच विचारसरणी दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ या पुस्तकात आढळते. ते छापून निघावयास १८६८ साल उजाडले. परंतु सुरतेत सभेचा बोलबाला झाला तो दुसऱ्याच कारणाने. भुतेखेते काढणारे आणि मंत्रसामर्थ्याचा दावा करणारे मांत्रिक यांना सभेने जाहीर आव्हान दिले. सामर्थ्य असेल तर ते चारचौघांसमक्ष सिद्ध करून दाखवावे, एरवी लोकांना फसवू नये, असा तो रोकडा सवाल होता. अधिकार सांगणाऱ्याने अधिकाराचा पुरावा द्यावा, ही त्या सभेची भूमिका.

हा सवाल केवळ मांत्रिकांपुरता राहणे शक्य नव्हते. सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे प्रचारक १८१५ पासून काम करीत होते आणि पुढील काही वर्षांत त्यांनी बायबलचे गुजराती भाषांतर सिद्ध केले. नासरेथचा येशू हा देवाचा पुत्र, स्वतः देव, आणि मनुष्याच्या जीवनावर त्याचा अधिकार चालतो, हे त्यांचे प्रतिपादन शाळेतील मुलांच्याही कानी पडत होते. मग विवेकाची कसोटी लावणाऱ्याने या दाव्याचे काय करावे?

एक सोयीचा मार्ग कलकत्त्यात आधीच आखला गेला होता. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात चमत्कार आणि देवत्वाचा सिद्धांत बाजूला ठेवून केवळ उपदेश निवडलेला होता. श्रीरामपूरचे जोशुआ मार्शमन यांनी त्यास कडाडून हरकत घेतली आणि दोघांचा वाद काही वर्षे गाजला. वादाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: येशू हा थोर गुरू मानला म्हणजे पुरे, की त्याच्या वचनामागे तो स्वतः कोण आहे हेही पाहिले पाहिजे?

सुरतेसारख्या व्यापारी शहरातील माणसाला हा प्रश्न समजावून देणे कठीण नाही. सतराव्या शतकात वीरजी व्होरासारखे सावकार येथे होऊन गेले. सुरतेच्या हुंडीला दूरदूरच्या पेठांत मान होता. पेढीवरचा गुमास्ता कितीही हुशार आणि सज्जन असो, तो देणे वसूल करील, मुदतीबद्दल रदबदली करील, ऋणकोला चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगेल. परंतु खात्यावरील कर्ज ‘माफ केले’ असे म्हणण्याचा हक्क त्याला नाही. तो हक्क ज्याचे खाते त्या धन्याचा. गुमास्त्याने स्वतःच्या नावाने कर्ज माफ केले, तर एक तर तो लबाड असला पाहिजे, नाही तर भ्रमिष्ट. किंवा ज्याला लोक गुमास्ता समजत आले तो स्वतः धनीच असला पाहिजे.

शुभवर्तमानातील येशू नेमके हेच करतो. कफर्णहूम गावी छप्पर उकलून एका पक्षाघाती माणसाला त्याच्यापुढे खाली सोडण्यात आले, तेव्हा येशूने प्रथम त्याच्या पापांची क्षमा जाहीर केली. शास्त्री मनात चमकले. पापक्षमा करणारा देवावाचून दुसरा कोण, असे त्यांना वाटले. त्यांचा तर्क बिनचूक होता. देवाचे देणे दुसऱ्या कोणी माफ करावे कसे? येशूनेही तो तर्क खोडून काढला नाही. आपणास पृथ्वीवर हा अधिकार आहे असे सांगून त्याने त्या माणसाला उठून चालावयास लावले. डोंगरावरील प्रवचनाचाही रोख असाच आहे. जुने संदेष्टे परमेश्वराच्या नावाने बोलत, त्याचा निरोप पोहोचवीत. येशू पूर्वजांना दिलेली आज्ञा उद्धृत करतो आणि तिच्यापुढे स्वतःचा शब्द ठेवतो. त्याची शिकवण शास्त्र्यांसारखी नसून अधिकाराची आहे, हे लोकांच्या ध्यानात आल्याचे शुभवर्तमानकार आवर्जून नोंदवितात.

यास्तव उपदेश तेवढा घ्यावा आणि उपदेशकाविषयीचा प्रश्न सोडून द्यावा, ही वाटणी दिसते तितकी सोपी नाही. ख्रिस्तसभेला हे फार पूर्वी उमगले होते. आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस याने ख्रिस्ताला सर्व सृष्टीत श्रेष्ठ, परंतु निर्माण केलेला मानले. आजच्या तुर्कस्तानातील निकेया येथे ३२५ साली भरलेल्या परिषदेने ते मत नाकारले आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे अशी ग्वाही दिली. २०२५ मध्ये त्या परिषदेला सतराशे वर्षे पूर्ण झाली. निर्णयामागची तळमळ अथानासियसने पुढे आयुष्यभर मांडली. मनुष्याचा उद्धार देवच करू शकतो. ख्रिस्त देव नसेल तर त्याने दिलेली क्षमा ही धन्याच्या सहीवाचून फिरणारी हुंडी ठरते.

परंतु येथे मानवधर्मसभेचा सवाल पुन्हा पुढे येतो, आणि त्याला बगल देता येत नाही. देवत्वाचा दावा आहे, तर तो चारचौघांत सिद्ध करावा. परूश्यांनी येशूजवळ आकाशातील चिन्ह मागितले, ते त्याने नाकारले. कालवारीच्या टेकडीवर तर कसोटीची घटकाच आली होती. क्रुसावरून खाली उतर, म्हणजे विश्वास ठेवू, असे आव्हान त्याला जाहीरपणे दिले गेले. तो उतरला नाही. सुरतेच्या चौकात एखादा मांत्रिक असा हतबल झाला असता, तर सभेने त्याचा निकाल त्याच दिवशी लावला असता.

ख्रिस्ती श्रद्धेचे आगळेपण येथेच आहे. मांत्रिकाचा अधिकार भयावर उभा असतो. तो दुसऱ्याला वाकवितो आणि स्वतः वाचतो. येशूने आदल्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले होते, आणि त्याच वेळी आपण त्यांचे गुरू व प्रभू आहोत हेही स्पष्ट सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला वाचविले नाही. ख्रिस्ती माणूस त्या क्रुसाकडे पाहून म्हणतो की, देवाचा अधिकार खरोखर कसा असतो ते येथे दिसले: तो जीव घेत नाही, देतो. तिसऱ्या दिवसाचे पुनरुत्थान ही त्या अधिकारावरील पित्याची मोहर होय. परंतु तेथेही जबरदस्ती नाही. पुनरुत्थित ख्रिस्त पिलाताच्या वाड्यात जाऊन त्याला लाजवीत नाही, आपल्या भ्यालेल्या मित्रांना भेटतो.

ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्यांनी हे नेहमी ओळखले असे मात्र म्हणता येणार नाही. सुरतेपासून फार लांब नसलेले दमण १५५९ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते, आणि गोव्यातील धर्मन्यायालय १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, चालू होते. क्रुसावरून न उतरणाऱ्या प्रभूच्या नावाने दंड आणि तुरुंग वापरले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या घोषणापत्रात धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे निःसंदिग्धपणे सांगितले. मानवधर्मसभेने १८४४ मध्ये विचारस्वातंत्र्याचे तत्त्व मांडले, ते ख्रिस्ताच्या अधिकाराशी विरोधी नव्हते. त्याच्या नावाने झालेल्या दंडेलीशी विरोधी होते.

दादोबांची १८४६ मध्ये मुंबईस बदली झाली. दुर्गाराम पुढे राजकोटास गेले आणि सुरतेची सभा ओसरली. तिची परंपरा मुंबईत १८४९ मध्ये निघालेल्या परमहंस सभेने उचलली. ही सभा गुप्त होती. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात. परंतु घरी आणि जातीत याचा बभ्रा होऊ नये अशी त्यांची धडपड असे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विस्कळीत झाली. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय हे ध्यानात घेतले, तर त्या मंडळींना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि पटलेली गोष्ट आणि जिच्यासाठी सर्वस्व द्यावे अशी गोष्ट यांत अंतर असते, हे त्या सभेच्या इतिहासावरून दिसून येते.

त्याच सभेतून बाबा पदमनजी पुढे आले. बेळगावचा हा तरुण विवेकाच्या वाटेने निघाला आणि १८५४ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात या प्रवासाची हकिकत आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी तर दीक्षेनंतरही हा प्रश्न सोडला नाही. इंग्लंडात १८८३ मध्ये स्नानसंस्कार झाल्यावर त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांशी पत्रांतून निर्भीड वाद घातला. केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून त्या मानावयास तयार नव्हत्या. त्यांची श्रद्धा पुढे दृढ झाली, ती स्वतःच्या शोधातून. आयुष्याच्या अखेरीस बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकहाती पुरे केले.

आणि दादोबा? त्यांनी धर्मांतर केले नाही. परंतु उतारवयात त्यांच्या हाती स्वीडनचे खाणकामशास्त्रज्ञ व धर्मचिंतक इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग यांचे ग्रंथ आले, आणि त्यांवरील त्यांचे चिंतन १८७८ मध्ये लंडनला इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आपण हिंदू गृहस्थ आहोत हे त्याच्या नावातच सांगितलेले आहे. स्वीडनबॉर्ग यांच्या मते एकच देव येशू ख्रिस्तात पूर्णपणे प्रकट झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती ते मानीत नाहीत. कॅथलिक श्रद्धेला हे मत मान्य होण्यासारखे नाही. तरीही मांत्रिकांना पुरावा मागणारा सुरतेचा तरुण शिक्षक साठी ओलांडल्यावर पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन बसतो, याला अर्थ आहे. येशूची चार नीतिवचने वेचून त्याला स्वस्थ बसता आले असते. त्याने तसे केले नाही; वचनांमागे उभा असलेला कोण, याचा शोध तो घेत राहिला. दादोबांचे निधन १८८२ मध्ये झाले.

श्रद्धा आणि बुद्धी यांत खरा विरोध असू शकत नाही, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये सांगितले आहे. विवेकाने विचारलेल्या प्रश्नाला ख्रिस्ती माणसाने भिण्याचे कारण नाही. उलट, जो कोणी ‘हा अधिकार तुला कोणी दिला’ असे येशूला खऱ्या मनाने विचारतो, तो शुभवर्तमानाच्या गाभ्यालाच हात घालीत असतो. यरुशलेमच्या मंदिरातही हाच प्रश्न विचारला गेला होता. परंतु विचारणाऱ्यांना उत्तर ऐकावयाचे नव्हते. दादोबांना ते ऐकावयाचे होते. ख्रिस्त प्रभू आहे असे दररोज ओठांनी म्हणणाऱ्यांपाशी तेवढी आस्था आहे काय, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहावे.