फिशरचे चिंपांझी आणि एक कडू पावडर

लहानपणी आमच्या घरी कोबीच्या भाजीवरून भांडणं व्हायची. मला ती कडवट लागायची, आई म्हणायची, नखरे आहेत नुसते. पुढे पीटीसीची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, कदाचित आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

1931. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची पावडर बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली. शेजारच्या नोलरचं तोंड कडूजहर झालं. फॉक्सला मात्र ढिम्म काही लागेना! मग इतरांवर करून पाहिलं, तर तिथेही तेच दोन गट. लवकरच कळलं की हा फरक आईबापांकडून येतो. डीएनए टेस्ट नव्हती त्या काळात बाप कोण हे तपासायलाही ही पावडर वापरली जायची.

आता माझा आवडता भाग. 1939, एडिंबरा. जेनेटिक्सची जागतिक परिषद भरलेली, महायुद्ध अगदी दारात. आणि रोनाल्ड फिशर, ई. बी. फोर्ड, ज्युलियन हक्सली ही बडी मंडळी प्राणिसंग्रहालयात चिंपांझींना पीटीसीचं पाणी पाजतायत! काहींना ते कडू लागलं, काहींनी खुशाल पिऊन टाकलं. प्रमाणही साधारण माणसांसारखंच. फिशर यांचा तर्क असा: हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीपासूनचा असणार, आणि निसर्गच दोन्ही प्रकार टिकवून ठेवतोय. मला तर हे वाचताना पटलंच होतं.

2003 मध्ये डेनिस ड्रायना यांच्या टीमला ते जनुक सापडलं. नाव टीएएस-टू-आर-38. त्यातून जिभेवरच्या पेशींत एक प्रोटीन बनतं, पीटीसीचा रेणू त्यात बसला की मेंदूला निरोप जातो: कडू! ज्या माणसांना चव लागत नाही, त्यांच्यात या प्रोटीनमध्ये बहुतेक वेळा तीन जागी बदल असतो. 2006 मध्ये चिंपांझींचं जनुक वाचलं, तर तिथे बिघाड वेगळाच. ‘प्रोटीन इथून सुरू करा’ सांगणारी खूणच बदललेली, त्यामुळे प्रोटीन अर्धवट. म्हणजे हा वारसा नव्हताच. दोघांकडे बिघाड स्वतंत्रपणे झाला होता. फिशर यांची मोजणी चुकली नव्हती, पण जनुकाच्या आत डोकावायची सोयच तेव्हा नव्हती.

आणि हो, कारल्याचं खापर या जनुकावर फोडू नका. माणसाकडे कडू चवीचे साधारण 25 रिसेप्टर आहेत. हा कोबी, ब्रोकोली, मोहरीवाल्या कुटुंबाचा.

आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कोबी वाढली.